साडेपाच हजार मीटर खाली

२६ जानेवारी १९८१ रोजी, दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचे संचलन सुरू असताना, अरबी समुद्रात ‘गवेषणी’ नावाचे एक भारतीय जहाज काम करत होते. मुळात ते गाळ वाहून नेण्यासाठी बांधलेले बार्ज. त्यात फेरबदल करून, प्रयोगशाळा आणि यारी बसवून ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संशोधन जहाज झाले होते. त्या दिवशी ‘गवेषणी’ने खोल समुद्राच्या तळावरून काळपट, मुठीत मावतील असे काही गोटे वर काढले. मँगनीज, लोह, निकेल, तांबे, कोबाल्ट असे धातू पोटात असलेले हे गोटे भारतीय जहाजाने मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती.

सहा-सात वर्षांत त्या गोट्यांनी भारताला एका लहानशा गटात नेऊन बसवले. १९८२च्या समुद्री कायद्याच्या करारासोबत झालेल्या ठरावात फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत संघ यांच्या बरोबरीने भारताचे नाव ‘आद्य गुंतवणूकदार’ म्हणून आले. ऑगस्ट १९८७मध्ये हिंदी महासागराच्या मध्य खोऱ्यातले दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र शोधासाठी भारताच्या नावे नोंदले गेले. अशी नोंदणी मिळवणारा भारत जगातला पहिला देश. यामागच्या प्रयत्नांत डॉ. एस. झेड. कासिम यांचा वाटा फार मोठा होता. ते आधी गोव्यातल्या संस्थेचे संचालक होते आणि पुढे केंद्राच्या महासागर विकास विभागाचे सचिव झाले. अंटार्क्टिकाच्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. गोट्यांच्या कामाची मात्र आठवण कमी निघते.

आता या विषयाला पुन्हा जोर आला आहे. वाहनांच्या बॅटऱ्या, महत्त्वाची खनिजे, चीनची मक्तेदारी आणि ‘मत्स्य ६०००’ नावाची पाणबुडी यांच्या बातम्या येतात. त्या वाचून असे वाटते की तळाशी खजिना पडलेला आहे आणि तो उचलायचे यंत्र तयार होण्याचाच काय तो अवकाश आहे. या क्षेत्रातले जुने अहवाल आणि शोधनिबंध वाचताना माझ्यासमोर वेगळेच चित्र उभे राहिले. भारताने गेल्या चार दशकांत कमावलेली खरी संपत्ती म्हणजे तळाविषयीचे ज्ञान. यंत्राच्या घाईत तेच मागे पडेल, ही मला सतावणारी काळजी आहे.

भारताच्या वाट्याचे हे क्षेत्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला, १० ते १६ अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात, कन्याकुमारीपासून सुमारे दोन हजार किलोमीटरवर आहे. पाण्याची खोली ५ ते ६ हजार मीटर. तिथे सूर्यप्रकाश अजिबात पोहोचत नाही, पाणी जेमतेम एक-दोन अंश तापमानाचे आणि दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या साडेपाचशे पट. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर अर्ध्या टनाहून अधिक भार. तळावर सूक्ष्म जीवांच्या सिलिकायुक्त कवचांचा मऊ गाळ साचलेला असतो आणि त्यावर, अर्धवट रुतलेले, हे गोटे पसरलेले असतात.

गोटा तयार होतो तो एखाद्या कणाभोवती. शार्क माशाचा दात, ज्वालामुखीच्या खडकाचा तुकडा किंवा फुटलेल्या जुन्या गोट्याचा अंश पुरतो. समुद्राच्या पाण्यातून आणि गाळाच्या कणांमध्ये मुरलेल्या पाण्यातून मँगनीज व लोहाची ऑक्साइडे त्यावर थरावर थर चढवत जातात. त्यांच्याबरोबर निकेल, तांबे, कोबाल्टही अडकते. हा वेग दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर इतकाच. पाच सेंटिमीटर व्यासाचा गोटा हातात घेतला, तर त्याचे वय एक कोटी वर्षांच्या घरात असू शकते. यात एक कोडेही आहे. गाळ साचण्याचा वेग गोटा वाढण्याच्या वेगापेक्षा शेकडो-हजारो पटींनी जास्त आहे, तर मग हे गोटे गाडले का जात नाहीत? तळावर बिळे करणारे, गाळ उकरणारे प्राणी त्यांना वर ठेवत असावेत, असा एक तर्क आहे. शास्त्रज्ञांचे यावर अजून एकमत नाही. ज्या वस्तूच्या खाणकामाचे आराखडे तयार आहेत, ती जागच्या जागी टिकते कशी, हा प्रश्नच खुला आहे.

हे गोटे जगाला माहीत झाले ते १८७२ ते १८७६ या काळात फिरलेल्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजामुळे. पुढची नव्वद वर्षे ते संग्रहालयांत राहिले. १९६५ साली जॉन मेरो या अमेरिकन अभियंत्याने समुद्रातल्या खनिज संपत्तीवर पुस्तक लिहिले आणि तळावर जणू अमाप धातू पडलेला आहे अशी हवा झाली. दोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ रोजी, माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांच्या सभेत उभे राहिले. महासागराचा तळ साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा मानावा, अशी मागणी त्यांनी केली. श्रीमंत देशांनी यंत्रांच्या बळावर तो वाटून घेण्याआधी नियम व्हावेत, एवढा साधा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच १९८२चा करार झाला. तो १९९४मध्ये लागू झाला आणि जमैकातल्या किंग्स्टनमध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण स्थापन झाले.

हा करार होण्याआधीचा एक प्रसंग इथे सांगायला हवा. १९७४ साली ‘ग्लोमार एक्सप्लोरर’ हे भलेमोठे जहाज पॅसिफिकमध्ये उतरले. उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांच्यासाठी ते मँगनीजचे गोटे काढणार, असे जगाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते अमेरिकी गुप्तचर संस्थेचे जहाज होते आणि १९६८मध्ये बुडालेली सोव्हिएत पाणबुडी सुमारे पाच किलोमीटर खोलीवरून उचलण्यासाठी आले होते. पाणबुडीचा काही भागच हाती लागला. पण एवढ्या खोलीपर्यंत पोलादी नळ एकामागून एक जोडत नेता येतात आणि टोकाला मोठे वजन पेलता येते, हे त्यातून दिसले. १९७८मध्ये एका आंतरराष्ट्रीय कंपनीगटाने पॅसिफिकमध्ये पाच हजार मीटरहून अधिक खोलीवरून शेकडो टन गोटे नळातून खरोखर वर आणले. त्यानंतर धातूंचे भाव पडले, करारावरून मतभेद झाले आणि उत्साह ओसरला. तांत्रिक शक्यता सिद्ध झाल्याला आज जवळजवळ अर्धशतक होत आले. तरी अजून एकही व्यापारी खाण चालू नाही, हे विसरू नये.

गोव्यातल्या संस्थेचे काम या उत्साहाच्या चढउतारांपासून अलिप्तपणे चालत राहिले. दोना पावलाच्या चढावरची ही संस्था १९६६ साली, हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या पाठोपाठ सुरू झाली. १९८०च्या दशकात तिच्या शास्त्रज्ञांनी मध्य खोऱ्यात ज्या पद्धतीने सर्वेक्षण केले, ते मला या साऱ्या कहाणीतले सर्वांत देखणे काम वाटते.

सुरुवातीला नमुन्याची ठिकाणे एकमेकांपासून शंभरेक किलोमीटरवर होती. आशादायक पट्टे दिसले तसे अंतर २५ किलोमीटरवर आले, मग साडेबारावर, मग त्याहून कमी. प्रत्येक ठिकाणी जहाजावरून एक ‘फ्री-फॉल ग्रॅब’ सोडायचा. याला दोरी नसते. वजनाच्या जोरावर तो खाली जातो, तळाला टेकण्याआधी त्यावरचा कॅमेरा तळाचे छायाचित्र घेतो, टेकताच जबडा मिटतो, वजन सुटून पडते आणि काचेच्या पोकळ गोळ्यांच्या तरंगशक्तीने तो वर येतो. जाऊन-येऊन तीन तासांच्या आसपास लागतात. दरम्यान जहाज पुढच्या ठिकाणी दुसरा ग्रॅब टाकून परततही असते. मग डेकवरची माणसे लाटांमध्ये नजर लावून बसतात, दिवसा झेंडा आणि रात्री लुकलुकणारा दिवा शोधत. काही ग्रॅब कधीच परत येत नाहीत. वर आलेले गोटे मोजायचे, तोलायचे, प्रयोगशाळेत फोडून त्यांतले धातू मोजायचे. १९८३मध्ये ‘सागर कन्या’ हे जर्मनीत बांधलेले संशोधन जहाज ताफ्यात आले, काही परदेशी जहाजेही भाड्याने घेतली गेली, आणि वर्षामागून वर्षे हाच दिनक्रम चालला.

पुढे आवाजाने तळ पाहण्याचे तंत्र आले. मल्टीबीम यंत्र जहाजाच्या बुडातून पंख्यासारख्या पसरलेल्या ध्वनिलहरी सोडते. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणून साडेपाच हजार मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी यायला सात सेकंदांहून अधिक लागतात. जहाज पुढे सरकत असते, हलत असते, वरच्या आणि खालच्या पाण्याचे तापमान वेगळे असल्यामुळे ध्वनीची वाट वाकते. या साऱ्याची दुरुस्ती करून टेकड्या, दऱ्या, सपाट पट्टे यांचा नकाशा बनतो. यंत्राला जाता येईल असा सौम्य उतार कुठे आहे, हे त्यातून कळते. प्रतिध्वनी किती जोरकस आहे यावरून गोट्यांच्या दाटीचाही अंदाज बांधता येतो. पण अंदाज तो अंदाजच. शेवटी ग्रॅब आणि कॅमेरा खाली पाठवूनच खात्री होते.

नियमानुसार भारताने निम्मे क्षेत्र टप्प्याटप्प्याने परत केले आणि ७५ हजार चौरस किलोमीटर स्वतःकडे ठेवले. २००२मध्ये प्राधिकरणाशी शोधाचा पंधरा वर्षांचा करार झाला. या क्षेत्रात सुमारे ३८ कोटी टन गोटे असल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यांत सव्वानऊ कोटी टनांच्या जवळपास मँगनीज, ४७ लाख टन निकेल, ४३ लाख टन तांबे आणि साडेपाच लाख टन कोबाल्ट. बातम्यांत हे आकडे नेहमी दिसतात. त्यांचाच भागाकार केला तर चौरस मीटरला सरासरी पाच किलो गोटे पडतात आणि त्या पाच किलोंत निकेल, तांबे, कोबाल्ट मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. संपत्ती मोठी आहे, पण फार पातळ पसरलेली आहे. जमिनीवरची खाण खोल जाते, ही आडवी पसरते. वर्षाला ३० लाख टन गोटे उचलायचे म्हटले, आणि एकही गोटा मागे राहू दिला नाही असे धरले, तरी दर वर्षी ६०० चौरस किलोमीटर तळ खरवडावा लागेल. हे जवळजवळ बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ आहे.

हे खरवडायचे कसे, यावर चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था काम करते आहे. तिने जर्मनीतल्या झीगन विद्यापीठाच्या सहकार्याने आधी सुमारे पाचशे मीटर खोलीपर्यंत पट्ट्यांवर चालणारे यंत्र बनवले. २०२१मध्ये ‘वराह’ हे यंत्र ‘सागर निधी’ जहाजावरून मध्य हिंदी महासागरात ५२७० मीटर खोलीवर उतरले आणि तळावर चालले. वाचताना हे सोपे वाटेल. पण तिथला गाळ इतका मऊ असतो की वजनदार यंत्र टेकले की रुतत जाते. हलके केले तर पट्ट्यांना पकड मिळत नाही. गाळाची ताकद आधी जागेवरच मोजावी लागते, कारण नमुना वर आणेपर्यंत तो पूर्वीसारखा राहत नाही. वीज आणि संदेश सहा किलोमीटर लांबीच्या केबलमधून द्यायचे. वायरमध्ये सूक्ष्म फट राहिली तरी साडेपाचशे वातावरणांचा दाब पाणी आत घुसवतो. दुरुस्तीसाठी कुणी खाली जाऊ शकत नाही. या सगळ्यावर मात करून यंत्र चालवून दाखवणे ही खरी अभियांत्रिकी आहे आणि चेन्नईच्या अभियंत्यांचे त्याबद्दल मोकळेपणाने कौतुक व्हायला हवे. ऑक्टोबर २०२४मध्ये अंदमानच्या समुद्रात ११७३ मीटरवर यंत्राने शंभर किलोंहून अधिक गोटे गोळाही केले.

सर्वांत अवघड दुवा मात्र मधला आहे: तळापासून जहाजापर्यंतचा नळ. गोटे खालीच बारीक करायचे, पाण्यात मिसळायचे आणि पंपाने किंवा हवा सोडून तो रस साडेपाच किलोमीटर वर चढवायचा. नळाला स्वतःचेच वजन पेलावे लागते. वेगवेगळ्या थरांतले प्रवाह त्याला वेगवेगळ्या दिशांना ओढतात. वर जहाज लाटांवर वरखाली होते आणि तो झटका खालपर्यंत जातो. धारदार कण नळ आतून घासत राहतात, आणि पंप मध्येच थांबला तर सारा माल खाली बसून नळ तुंबतो. पॅसिफिकमध्ये २०२२च्या अखेरीस ‘हिडन जेम’ या जहाजाने सुमारे साडेचार हजार टन गोटे तळावर गोळा केले आणि त्यांतले तीन हजारांहून अधिक टन चार किलोमीटरच्या नळातून वर घेतले. भारताने आपल्या क्षेत्रात हा पूर्ण साखळीचा प्रयोग अजून केलेला नाही. धातू वेगळे करण्याचे काम मात्र आपल्याकडे बरेच आधी झाले. भुवनेश्वर आणि जमशेदपूरच्या प्रयोगशाळांनी पद्धती बसवल्या आणि उदयपूरला दिवसाला ५०० किलो गोटे हाताळणारा प्रायोगिक प्रकल्प चालवला गेला.

जून २०२१मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी ४०७७ कोटींच्या ‘डीप ओशन मिशन’ला मंजुरी दिली. त्यातली सगळ्यांना आवडणारी गोष्ट म्हणजे ‘मत्स्य ६०००’. आतून २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोळा, भिंत ८० मिलिमीटर जाड, आत तीन माणसे. नेहमीच्या कामासाठी बारा तास आणि संकटात ९६ तास पुरेल इतकी श्वासाची सोय. गोळ्याचे दोन अर्धे भाग इस्रोच्या मदतीने इलेक्ट्रॉन किरणांनी जोडले जातात. ऑगस्ट २०२५मध्ये दोन भारतीयांनी सरावासाठी ‘नॉटील’ या फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिकमध्ये बुड्या मारल्या. एक ४०२५ मीटरपर्यंत, दुसरी ५००२ मीटरपर्यंत. माणूस खाली गेल्याने खाण सुरू होत नाही. पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरही बघणारा डोळा तिथे पोहोचतो, आणि मला हे यंत्र खाणीपेक्षा शोधासाठी मोलाचे वाटते.

गोट्यांखेरीज दुसरे खनिज म्हणजे सल्फाइड. महासागराच्या मधल्या पर्वतरांगांवर भूकवचाला तडे असतात. थंड पाणी त्यात मुरते, तापते, खडकातले धातू विरघळवते आणि साडेतीनशे अंशांहून अधिक तापमानाने बाहेर उसळते. दाबामुळे ते उकळत नाही. थंड पाण्याशी गाठ पडताच धातूंची सल्फाइडे काळ्या धुरासारखी बाहेर पडतात आणि मुखाभोवती उंच चिमण्या उभ्या राहतात. तांबे, जस्त, कधी सोने आणि चांदीही त्यांत असते. २०१६मध्ये भारताला मध्य आणि नैऋत्य हिंदी महासागरातल्या रांगांवर दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्र शोधासाठी मिळाले. सप्टेंबर २०२५मध्ये अरबी समुद्राच्या बाजूच्या कार्ल्सबर्ग रांगेसाठी तेवढ्याच क्षेत्राचा दुसरा करार झाला. हे काम वास्कोतले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. डिसेंबर २०२४मध्ये त्याच्या आणि चेन्नईच्या संस्थेच्या मोहिमेने सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरच्या एका उष्ण मुखाची छायाचित्रे मिळवली. अशा मुखाचा माग काढणे म्हणजे आधी पाण्यातला गढूळपणा, तापमानातला किंचित फरक, रासायनिक खुणा टिपत त्या प्रवाहाच्या उगमापर्यंत जाणे. महिनोन् महिने काहीच सापडत नाही, आणि मग एका दिवशी पडद्यावर धूर दिसतो.

याच हिंदी महासागरात, अशाच मुखांपाशी, २००१ साली एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोहाच्या सल्फाइडचे खवले असतात. अंगावर लोखंड चढवलेला दुसरा कुठलाही प्राणी आपल्याला माहीत नाही. शरीरात वाढवलेले जीवाणू तिला अन्न देतात, त्यासाठी तिला सूर्यप्रकाश लागत नाही. २०१९मध्ये ती संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत गेली, आणि त्याचे कारण म्हणून खोल समुद्रातल्या खाणकामाची शक्यता नोंदवली गेली. तेव्हा ती ज्या तीन ठिकाणी माहीत होती, त्यांपैकी दोन शोधकरारांच्या हद्दीत होती. तिचा एकेक अधिवास फुटबॉलच्या एकदोन मैदानांएवढा असतो. तो खणला तर ती तिथून संपली. त्यामुळे जिवंत, धुमसणाऱ्या मुखांना कुणीच हात लावू नये, हे मला चर्चेचासुद्धा विषय वाटत नाही. थंड पडलेल्या जुन्या साठ्यांचा विचार वेगळा करता येईल.

गोट्यांच्या मैदानातले जीवन इतके नाट्यमय नसते. स्पंज, समुद्रकाकड्या, ताऱ्यांसारखे प्राणी, गाळातले किडे, आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव. स्पंजांना आणि काही प्रवाळांना चिकटायला कठीण पृष्ठभाग लागतो आणि त्या अथांग गाळात तो फक्त गोट्यांचा असतो. पेरूजवळच्या समुद्रात, चार हजार मीटरहून अधिक खोलीवर, गोट्यावर उगवलेल्या स्पंजाच्या दांड्याला अंडी लावून त्यांची राखण करणारे फिकट ऑक्टोपस शास्त्रज्ञांनी पाहिले आहेत. गोटे नेले की हा आधार जातो, आणि नवा तयार व्हायला लाखो वर्षे लागतात.

त्याच पेरूच्या खोऱ्यात १९८९मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी तळ मुद्दाम नांगरला. २०१५मध्ये परत गेले तेव्हा नांगराच्या रेघा तशाच होत्या. हा प्रयोग जगभर उद्धृत होतो. आपला प्रयोग आपल्यालाही फारसा माहीत नाही. १९९७मध्ये गोव्याच्या संस्थेने, डॉ. राहुल शर्मा आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, मध्य खोऱ्यात तीन किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्टा निवडला. एका रशियन जहाजावरून गाळ उपसणारे यंत्र त्यावरून २६ वेळा ओढले, उपसलेला गाळ तळाच्या जरा वर सोडून दिला आणि काय होते ते मोजले. गाळ किती दूर जाऊन बसतो, किती जीव मरतात, कोणते परततात. पुढे पावणेचार वर्षांच्या आसपास पुन्हा पुन्हा जाऊन नमुने घेतले. जीव हळूहळू परतू लागले होते, पण तळ पूर्वीसारखा झाला असे म्हणता येईल अशी स्थिती नव्हती. खाणकामाच्या तुलनेत ती छेडछाड अगदीच लहान होती. गोटे तर उचललेच नव्हते.

खाणीच्या प्रश्नात गाळ हा दुय्यम मुद्दा आहे असे ज्याला वाटते, त्याने गोव्यातल्याच डिचोली-सांग्याकडच्या शेतकऱ्यांशी बोलावे. लोहखनिजाच्या उघड्या खाणींत एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती बाजूला पडत असे. पावसात ती ओहोळांतून भातशेतीत उतरली, विहिरी आटल्या, नद्यांच्या पात्रांत गाळ बसला. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले आणि २०१८मध्ये ८८ परवाने रद्द केले. थांबवल्यावर बार्जवाल्यांचे, ट्रकवाल्यांचे संसार उघड्यावर आले, हेही त्याच भूमीवर घडले. गोव्यात निदान शेतकरी होता. लाल पाणी दिसत होते, अर्ज देता येत होता, न्यायालय होते. साडेपाच हजार मीटरवर उठलेला गाळाचा ढग कुणाच्या अंगणात येत नाही. धुऊन उरलेले पाणी जहाजावरून परत सोडले जाईल, ते मधल्या थरांतल्या माशांवर काय करेल, हेही किनाऱ्यावरून दिसणार नाही. तिथे साक्षीदार फक्त शास्त्रज्ञ. म्हणूनच त्याची मोजमापे खाण काढणाऱ्याच्या हातात राहू नयेत.

आणि आता घाई वाढली आहे. पॅसिफिकमधल्या नाउरू या चिमुकल्या देशाने जून २०२१मध्ये करारातले एक कलम वापरून दोन वर्षांत नियम करा अशी मुदत घातली. मुदत उलटली, नियम झाले नाहीत. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढून आंतरराष्ट्रीय पाण्यातही आपल्या १९८०च्या कायद्याने परवाने देण्याचा मार्ग धरला. अमेरिका समुद्री कराराची सदस्य नाही. पार्दोंनी ज्याची भीती व्यक्त केली होती, तेच हे. दुसरीकडे पस्तीसहून अधिक देश विराम किंवा बंदी मागत आहेत. नॉर्वेने आपल्या हद्दीत खाणीला दार उघडले आणि २०२४च्या अखेरीस परवाने देणे थांबवले. पापुआ न्यू गिनीने सल्फाइडच्या खाणीत सरकारी पैसा गुंतवला. कंपनी २०१९मध्ये बुडाली आणि गरीब देशाचे कोट्यवधी डॉलर गेले.

भारत विरामाच्या बाजूने नाही, आणि त्यामागची कारणे फोल नाहीत. कोबाल्ट आणि निकेल आपण जवळजवळ सारे बाहेरून आणतो. जगातले बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते, निम्म्याहून अधिक निकेल इंडोनेशियातून, आणि तिथले जंगल व माणसे त्याची किंमत मोजतात. उद्या कुणी पुरवठा अडवला तर काय, हा प्रश्न खरा आहे. पण लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांना निकेल लागत नाही आणि कोबाल्टही लागत नाही, आणि त्या झपाट्याने पसरत आहेत. जुन्या बॅटऱ्यांतून धातू परत मिळवण्याचा उद्योग आपल्याकडे अजून बाळसे धरतो आहे. हिशेब या दोन्हींसकट मांडायला हवा.

शेजाऱ्यांशी संबंधही यात गुंतले आहेत. जानेवारी २०२४मध्ये भारताने ज्या कोबाल्टयुक्त समुद्री पर्वतासाठी अर्ज केला, तो टापू आपल्या समुद्रबूड जमिनीचा भाग असल्याचा श्रीलंकेचा दावा आहे आणि अर्ज अडकून पडला. त्या पर्वताचे नाव अफनासी निकितिन. हाच रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरला होता. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. देशाच्या स्वतःच्या हद्दीतही हालचाल सुरू आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने लिलावाला काढलेल्या तेरा सागरी खाणपट्ट्यांत ग्रेट निकोबारजवळचे गोट्यांचे आणि खडकांवरच्या धातुयुक्त थरांचे सात पट्टे होते. केरळच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावरील वाळूचे तीन पट्टेही होते, आणि त्यांविरुद्ध तिथले मच्छीमार रस्त्यावर उतरले. कोकणातल्या मच्छीमारांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

माझे मत सांगतो. शोध थांबवू नये, उलट वाढवावा. जहाजे, पाणबुड्या, ध्वनियंत्रे, आणि प्राण्यांची नावे लावणारे तरुण वर्गीकरणतज्ज्ञ, ज्यांची आपल्याकडे मोठी वानवा आहे, या सगळ्यांवर खर्च व्हावा. यंत्राच्या चाचण्याही व्हाव्यात, कारण मेजावर बसून नियम ठरवताना स्वतःची आकडेवारी असलेल्या देशाचेच ऐकले जाते. पण खाणीचा परवाना मागण्याआधी भारताने आपल्या क्षेत्रातली जीवसृष्टीची आणि गाळाची सर्व मोजमापे जगासाठी खुली करावीत, आणि पर्यावरणाची देखरेख यंत्र बनवणाऱ्या खात्याबाहेरच्या संस्थेकडे द्यावी.

मध्य खोऱ्यातला करार दोनदा वाढवून मिळाला आहे आणि आताची मुदत मार्च २०२७मध्ये संपते. तेव्हा सरकारला किंग्स्टनमध्ये सांगावे लागेल की पुढे शोधच चालू ठेवायचा की खाणीकडे वळायचे. तोपर्यंत १९९७च्या त्या पट्ट्याला तीस वर्षे होत आलेली असतील. त्याचे अक्षांश-रेखांश गोव्यात नोंदलेले आहेत, आधीची छायाचित्रे आणि नमुन्यांची मोजणी आहे, आणि सहा हजार मीटरवर जाऊ शकणारी यंत्रे आता आपल्याच देशात आहेत. किंग्स्टनला कागद पाठवण्याआधी एक जहाज तिथे जावे, २६ वेळा यंत्र ओढलेल्या त्या तीन किलोमीटरचा तळ पुन्हा मोजावा, आणि जे दिसेल ते त्या कागदाच्या पहिल्या पानावर लिहावे.